गोळी किती वाजता घेतली?

सकाळी पावणेसात

पहिला फोन लॅबवाल्याचा. पालीच्या बाजारपेठेतल्या त्याच्या खोलीत यावेळी बाकावर पाच-सहा जण दंडावरची बाही वर करून बसलेले असतात. पेडलीहून एक बाई आल्यात, थायरॉइडची गोळी पहाटे पाचला घेऊनच निघाल्यात. रक्त घेऊ की परत पाठवू, असं तो विचारतो. मी सांगते, फक्त टीएसएच घे. फ्री टी-४ हवा असेल तर पुढच्या खेपेला गोळी न घेता यायला सांग. गोळी पोटात गेल्यावर पुढचे काही तास रक्तातला टी-४, म्हणजे थायरॉक्सिन, चढलेला असतो. टीएसएच म्हणजे मेंदूखालच्या पिट्युटरीनं थायरॉइड ग्रंथीला दिलेला ढोसा, त्याला एका गोळीने एका सकाळी काही होत नाही.

दुसरा नेहमीचा प्रश्न उपाशीपोटी यायचं का, हा. थायरॉइडला उपास लागत नाही, पण सकाळ लागते. टीएसएच मध्यरात्रीनंतर सगळ्यात वर असतो आणि दुपारी उतरतो. एकाच माणसाचा सकाळी सातला ५.१ आणि दुपारी तीनला ३.८ आला, तर दोन्ही आकडे खरे. म्हणून ज्याची तुलना करायची त्याचं रक्त दर वेळी साधारण त्याच वेळी घ्यायचं. रिपोर्टवर वेळ छापलेली असते, पण पुष्कळदा ती नमुना पनवेलला पोचल्याची असते. पालीतल्या बाकावर सुई कधी टोचली हे पेशंटलाच विचारावं लागतं.

नऊपर्यंत डबा बर्फ घालून मोटारसायकलवर निघतो. जुलै आहे, म्हणून लॅबवाला आधी पुलाची चौकशी करतो. अंबा नदी चढली की वाकणकडचा पूल पाण्याखाली जातो आणि खोपोलीच्या बाजूला जांभूळपाड्याचाही. मग नमुने अडकतात, पेशंट अडकतात आणि गोळ्याही.

साडेनऊ

बाहेर छत्र्यांचा ढीग, आत चिखलाची पावलं. लावणी चालू आहे, त्यामुळे गर्दी कमी आणि जे येतात ते खरंच आजारी.

पहिल्या बाई चौतिशीच्या. कुठल्याशा शिबिरात रक्त तपासलं होतं. घडी घालून घालून मऊ झालेला कागद त्या टेबलावर ठेवतात. "मॅडम, मला थायरॉइड निघालाय." टीएसएच ६.४, पुढे चांदणी. खालची ओळ त्यांना कुणी वाचून दाखवलेली नाही. तिथे फ्री टी-४ आहे आणि तो चक्क मध्यावर आहे.

लॅब जी रेंज छापते, साधारण ०.४ ते ४ किंवा साडेचार, ती काढायची रीत अशी: निरोगी माणसांचे आकडे घ्यायचे आणि मधले ९५ टक्के ठेवायचे. म्हणजे दर चाळीस निरोगी माणसांमागे एकाला वरच्या बाजूला चांदणी मिळणारच.

"दमायला कधीपासून होतं?"

"लावणी लागल्यापासून. त्याच्या आधी ताप येऊन गेला ना."

डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली तर कागदासारखी पांढरी. हिमोग्लोबिन ७.९. पाळीत अंगावरून फार जातं. दिवसभर पाण्यात वाकून रोप लावणाऱ्या बाईच्या अंगात एवढंच रक्त असेल तर तिला दमायला टीएसएचची गरज नाही. त्यात ताप. मोठ्या आजारातून उठताना टीएसएच काही आठवडे वर जातो आणि आपसूक खाली येतो. म्हणून आज लोहाच्या गोळ्या आणि पाळीची तपासणी. टीएसएच अडीच-तीन महिन्यांनी परत, आणि तेव्हा सोबत अँटी-टीपीओ, शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर उलटलंय का हे सांगणारी तपासणी. ते वाढलेलं निघालं तर पुढे ग्रंथी मंदावण्याची शक्यता जास्त, मग नजर ठेवायची. टीएसएच दहाच्या पुढे टिकून राहिला तर गोळीचा विचार बहुधा करावाच लागतो. चार आणि दहाच्या मधल्या पट्ट्यात वय, गरोदरपणाचा बेत, लक्षणं आणि अँटी-टीपीओ यांना मत आहे. एकट्या आकड्याला नाही.

बाई थोड्या नाराज होऊनच उठल्या. "म्हणजे थायरॉइडची गोळी नाही?" शिबिरात आजार मिळाला आणि डॉक्टरीणबाईंनी तो काढून घेतला.

साडेदहा

यांची फाइल जाड आहे. वेगवेगळ्या ठिकाणचे तीन कागद. गोळी ५० मायक्रोग्रॅमवरून ७५, मग १००, आणि आजचा टीएसएच १४.२. पुढचं पाऊल १२५ असं कुणालाही वाटावं. मी आधी वजनकाटा दाखवते: ५२ किलो. ग्रंथी पूर्ण बंद पडलेल्या माणसाला किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतं, म्हणजे यांना ८३ च्या आसपास. १०० मध्ये भागायलाच हवं. भागत नाही, म्हणजे गोळी रक्तापर्यंत पोचत नाही. कुठे अडते ते शोधायचं.

"गोळी किती वाजता घेता?"

"सकाळी. उठल्याउठल्या."

"कशाबरोबर?"

"चहाबरोबरच की. कोरी गोळी घशाखाली उतरत नाय."

"आणि नाश्ता?"

"त्याच्यासोबतच. मग ह्या दोन."

ह्या दोन म्हणजे पिशवीतून निघालेली कॅल्शियमची पांढरी आणि लोहाची लाल. गुडघे दुखतात म्हणून एकाने दिलेली, अशक्तपणा म्हणून दुसऱ्याने. दोघांची औषधं चूक नाहीत. पण लोह आणि कॅल्शियम आतड्यात थायरॉक्सिनला धरून ठेवतात, त्याला रक्तात जाऊ देत नाहीत. मधे चार तास सोडायला हवेत.

मग मी बाटली मागते. बाटली घरी आहे, त्यांनी गोळ्या प्लास्टिकच्या डबीत काढून आणल्यात. पावसाळ्यातली पालीची हवा आणि चुलीच्या वरच्या फळीवर ठेवलेली डबी. तळाच्या गोळ्या एकमेकींना चिकटल्या आहेत, एक बोटानं दाबली तर तिचा पिठासारखा भुगा झाला. थायरॉक्सिनला उजेड, ऊब आणि ओल तिन्ही चालत नाहीत. शंभर गोळ्यांची काळसर बाटली येते ती त्यासाठीच. अशी गोळी किती कामाची उरते हे सांगता येणार नाही, पण त्यावर विसंबून डोस वाढवणं मला पटत नाही.

त्यांना खुर्चीवर गुडघे टेकवून उभं केलं आणि टाचेमागच्या शिरेवर हातोडी मारली. पाऊल झटकन खाली गेलं आणि वर यायला निघालं ते सावकाश, कुणीतरी धरून ठेवल्यासारखं. टीएसएच मोजायची सोय सगळीकडे नव्हती तेव्हा जुने डॉक्टर यावरच निदान करायचे. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९६० च्या आसपास किरणोत्सारी पदार्थ वापरून रक्तातली हार्मोनं मोजायची रीत काढली, यॅलोंना तिच्यासाठी १९७७ मध्ये नोबेल मिळालं, आणि मग हळूहळू हातोडी कपाटात गेली. माझी अजून टेबलावर आहे. आज तिनं एवढं सांगितलं की आकडा खोटा नाही, शरीर खरंच मंदावलंय.

चिठ्ठी: नवी बाटली. तोच डोस. उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर, चहा तासाभरानं, लोह दुपारी जेवणानंतर, कॅल्शियम रात्री. रक्त सहा ते आठ आठवड्यांनी, त्याआधी नको. थायरॉक्सिन निम्मं उतरायला सात दिवस लागतात आणि टीएसएच त्याच्याही मागून चालतो. पंधरा दिवसांनी केलेली तपासणी म्हणजे जुन्या डबीचाच रिपोर्ट.

याच्या उलट गिऱ्हाइकंही असतात. महिनाभर गोळीची आठवण नाही आणि तपासणीच्या आधीच्या आठवड्यात रोज न चुकता, परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडणाऱ्या पोरासारखी. त्यांचा रिपोर्ट ओळखू येतो: टीएसएच १८ आणि फ्री टी-४ मात्र रेंजच्या वरच्या टोकाला. टी-४ आठवड्यात सुधारतो, टीएसएचला मागचे सहा आठवडे आठवतात.

पूल बंद होऊन दोन-तीन दिवस गोळी चुकली म्हणून घाबरून फोन करणाऱ्यांना मी तोच सात दिवसांचा हिशोब सांगते. दोन दिवसांनी काही बिघडत नाही. लहान बाळ किंवा गरोदर बाई असेल तर मात्र शेजारणीची बाटली मागून आणा म्हणते.

बारा

आशाताई एका मुलीला घेऊन आल्यात. आठवा आठवडा, पहिलटकरीण, टीएसएच ३.१. नणंदेच्या वेळी डॉक्टरांनी अडीचच्या वर गोळी दिली होती, मग हिला का नाही, असा सासूचा निरोप आहे. अमेरिकन थायरॉइड असोसिएशननं पहिल्या तिमाहीची वरची हद्द २०११ मध्ये अडीच सांगितली होती, २०१७ मध्ये ती सैल करून साधारण चारवर आणली. नणंदेचं बाळंतपण त्या मधल्या काळातलं असणार. हिला गोळी नको, महिन्याभरानं परत बघू.

जी आधीपासून गोळी घेते तिचं वेगळं. पाळी चुकली आणि पट्टीवर दोन रेघा आल्या की रिपोर्टची वाट न बघता आठवड्याला दोन गोळ्या जास्त घ्यायच्या आणि मग दवाखान्यात यायचं. आशाताईंना हे पाठ आहे, वाड्यांवर त्याच सांगतात. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाचा सगळा भार आईच्या टी-४वर असतो.

पाऊण

नागोठण्याच्या कॉलनीतली मुलगी, पंचवीस-सव्वीसची. टीएसएच ०.०२, फ्री टी-४ दुप्पट. कागद म्हणतो ग्रंथी उधळली आहे. मुलगी समोर निवांत बसली आहे. नाडी ७२. हात पुढे करून बोटांवर कागद ठेवला तर कागद हलत नाही. वजन दोन किलोनं वाढलंय. तळवे कोरडे.

"केसांसाठी काही घेतेस का?"

घेते. ऑनलाइन मागवलेल्या गोळ्या, डबीवर बायोटिन दहा हजार मायक्रोग्रॅम. काही यंत्रांतली तपासणीची साखळी बायोटिनवरच बांधलेली असते. रक्तात ते भरमसाट असलं की टीएसएच खोटा कमी दिसतो आणि टी-४ खोटा जास्त. ग्रेव्हजच्या आजाराचं अगदी हुबेहूब चित्र तयार होतं. गोळ्या तीन दिवस बंद करून पुन्हा रक्त द्यायला सांगितलं. केस गळतायत ते मागच्या डेंग्यूनंतर, आपोआप थांबतील. हे तिला फारसं आवडलं नाही.

दोन

जेवण: भात, वालाचं बिरडं, सुकट. घास घेता घेता एका मोठ्या लॅबच्या प्रतिनिधीशी बोलणं. त्याच्याकडे साठ-सत्तर चाचण्यांचं पॅकेज आहे, त्यात टी-३, टी-४, टीएसएच फुकट. फुकटातला एकूण टी-३ हाच माझ्या डोक्याला ताप. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या किंवा गरोदर बाईत हार्मोन वाहून नेणारं प्रथिन वाढतं, एकूण टी-३ आणि टी-४ वर दिसतात, आणि बाई धास्तावून येते. तिला काही झालेलं नसतं.

पॅकेजबरोबर डॉक्टरांसाठी काय, हे तो मला विचारत नाही, कारण गेल्या वेळी त्याला उत्तर मिळालंय. आमच्याच जिल्ह्यातल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशावरच्या संशोधनासाठी जगाला माहीत आहेत. कमिशन म्हणून आलेला १२०० रुपयांचा चेक परत करून २०१३ मध्ये त्यांनी मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली होती. तपासणी कुणाच्या फायद्यासाठी लिहिली गेली, हेही रिपोर्टवर छापलेलं नसतं.

मीठ हा जेवणानंतरचा विषय. "आम्ही मासे खाणारी माणसं, आम्हाला थायरॉइड कसा?" किनाऱ्याजवळ आयोडीन कमी नसतं हे खरं. कांग्रा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामींनी १९५६ पासून मिठात आयोडीन घालून गलगंड कमी करून दाखवला, १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आला, २००६ पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला बंदी आहे. पेण-उरणच्या मिठागरातलं खडेमीठ अजून कुणाकुणाच्या लोणच्यात असतंच. पण आज माझ्यासमोर येणारी बहुतेक माणसं आयोडीनच्या कमतरतेची नसतात. त्यांचं शरीरच आपल्या ग्रंथीवर उलटलेलं असतं, हाशिमोटो या जपानी सर्जननं १९१२ मध्ये वर्णन केलेला आजार. मुंबई आणि गोवा धरून आठ शहरांतल्या पाच हजारांवर प्रौढांची पाहणी २०१३ मध्ये छापून आली, तिच्यात ग्रंथी मंद असलेले जवळजवळ ११ टक्के निघाले, आणि आमच्या सकाळच्या बाईंसारखे, नुसता टीएसएच वाढलेले, त्यांत धरलेले नाहीत.

पावणेपाच

पेणच्या बालरोगतज्ज्ञांचा फोन. परळीजवळच्या एका वाडीतलं सहा दिवसांचं बाळ. टाचेतून घेतलेल्या रक्तात टीएसएच भलताच वर आला, परत शिरेतून घेतला तर शंभरच्या पुढे, टी-४ तळाला. इथे "अडीच महिन्यांनी बघू" चालत नाही. इथे आज संध्याकाळ म्हणजे आज संध्याकाळ. जन्मल्यानंतर पहिला दिवस-दीड दिवस प्रत्येक बाळाचा टीएसएच उसळतो, म्हणून रक्त दोन ते तीन दिवसांनी घ्यायचं. हे सहाव्या दिवशीचं आहे, शंका घ्यायला जागा नाही. हजारेक बाळांमागे एखादं असं असतं. दिसायला ठीकठाक, थोडं झोपाळू, कावीळ जरा लांबलेली. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल इतरांसारखंच शाळेत जातं. राहून गेलं तर मेंदूचं नुकसान भरून निघत नाही.

गोळी मेडिकलमधून आणवली. आजी रिक्षानं आली, तिला चमचा, आईचं दूध आणि चुरलेली गोळी हे सगळं करून दाखवलं. किलोमागे दहा ते पंधरा मायक्रोग्रॅम. बाटलीत मिसळू नका, बाळ अर्धी बाटली टाकतं.

"किती दिवस द्यायची?"

निदान तीन वर्षं, मग बघू. आजीनं चमचा पदरात गुंडाळला.

सहा

ह्या बाईला कालच पाहिलं होतं, आज मुद्दाम बोलावलं. कातकरी वाडीवरची, वय सदतीस-अडतीस. दोन वर्षं अशक्तपणा, थंडी वाजते, चक्कर. एकांनी टीएसएच केला, २.८, नॉर्मल. दुसऱ्यांनी केला, २.६, नॉर्मल. थायरॉइड नाही, टॉनिक घ्या. आकडा खरंच नॉर्मल होता.

मी काल फ्री टी-४ सांगितला होता. तो आज आलाय, रेंजच्या कितीतरी खाली.

टी-४ इतका खाली असताना टीएसएच वर धावायला हवा. ग्रंथीला ढोसणारा तोच. तो २.८ वर स्वस्थ बसलाय याचा अर्थ ढोसणारी पिट्युटरीच थकली आहे. अशा वेळी टीएसएच नॉर्मल असणं हीच तक्रार धरायची.

"शेवटचं बाळंतपण कसं झालं होतं?"

नवरा सांगतो. घरीच. रात्र होती, पाऊस होता. फार रक्त गेलं, गोधड्या भिजल्या. दुसऱ्या दिवशी खाली आणलं तेव्हा शुद्ध नव्हती.

"बाळाला पाजलं?"

"दूध आलंच नाय." हे ती स्वतः बोलली. "वरचंच दिलं."

"पाळी?"

"त्याच्यानंतर नाय आली."

काखेत केस नाहीत. रक्तदाब ९४/६०, उभी केल्यावर आणखी उतरला. बाळंतपणात पिट्युटरी मोठी झालेली असते, खूप रक्त एकदम गेलं की तिला पुरवठा होत नाही आणि ती वाळते. ग्लासगोच्या हॅरोल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये हे लिहून ठेवलं, त्यांच्याच नावानं तो आजार ओळखतात. जिथं बाळंतपणं दवाखान्यात होतात तिथं आता तो क्वचित दिसतो.

सगळ्यात मोहाचं काम म्हणजे लगेच थायरॉक्सिनची बाटली हातात देणं. ते करायचं नाही. पिट्युटरी गेली असेल तर मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचं कॉर्टिसॉलही कमी असणार. आधी थायरॉक्सिन दिलं तर शरीराचा वेग वाढतो, आहे तेवढं कॉर्टिसॉल संपतं आणि बाई कोसळते. आधी हायड्रोकॉर्टिसोन, मग थायरॉक्सिन, हा क्रम चुकवायचा नाही. आणि पुढे हिचा डोस ठरवताना टीएसएच बघायचा नाही, कधीच नाही. फ्री टी-४ बघायचा. फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईनं तसं लिहिलं, कारण पुढे कुणीतरी नॉर्मल टीएसएच बघून गोळी कमी करणार.

उद्या सकाळी आठला कॉर्टिसॉलचं रक्त. ते घेतल्याबरोबर पहिली गोळी. रात्री उलटी झाली किंवा जास्त ग्लानी आली तर रक्ताची वाट बघायची नाही, सरळ इथे आणायचं, इंजेक्शन तयार ठेवलंय. वाडीवर परत जाऊ नका म्हटलं. बाजाराच्या मागच्या बाजूला तिची बहीण राहते.

साडेसात

एक आजोबा, वय ७९, टीएसएच ६.८, बाकी ठणठणीत. वयानुसार एवढा वर जातोच. काही द्यायचं नाही. हृदयाचे ठोके सांभाळायला अमिओडारोन चालू नाही ना, तेवढं पाहून घेतलं.

त्यांच्यामागून एक रिक्षावाला, परळहून आलेला. भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर तिथं १९६३ पासून आहे. उधळलेल्या ग्रंथीवर त्याला तिथं किरणोत्सारी आयोडीन दिलं, दोन महिने झाले. त्याचा टीएसएच अजून ०.०१ आहे म्हणून तो घाबरलाय, आजार तसाच राहिला समजून. पण तो आता जाडावतोय, आवाज बसलाय, आणि फ्री टी-४ खाली घसरलाय. महिनोन्‌महिने दाबून ठेवलेली पिट्युटरी जागी व्हायला वेळ घेते. त्याला आता उलट थायरॉक्सिनची गरज लागणार आहे, आणि हे समजावण्यात वीस मिनिटं गेली. रिक्षा चालवताना झोप येते का, हे विचारलं. येते म्हणाला. आठवडाभर रिक्षा भावाला द्यायला लावली.

साडेनऊ

व्हॉट्सअॅपवर पीडीएफ येत राहतात. लाल बाण, ठळक अक्षरं, खाली "अर्जंट?" ज्यांना मी ओळखते त्यांना तीन प्रश्न पाठवते: रक्त किती वाजता दिलं, गोळी आदल्या दिवशी घेतली होती का, मधे ताप किंवा दुसरं औषध. उरलेल्यांना दवाखान्यात या म्हणते. बोटांवर कागद ठेवणं आणि टाचेवर हातोडी मारणं फोनवरून होत नाही.

शेवटचा मेसेज लॅबवाल्याला. उद्या पहिली कातकरी वाडीची बाई, बरोबर आठला, रांगेत थांबवू नकोस. ट्यूबवर वेळ लिही. नदी चढली तर नमुना फिरवून फ्रीजमध्ये ठेव आणि मला कळव, पण गोळीसाठी तिला थांबवायचं नाही.

त्याचं उत्तर आलं, "पूल आत्ता चालू आहे मॅडम. सकाळचं सकाळी सांगतो."